मळाईच्या नोंदीविषयी

पुणे, १२ फेब्रुवारी २०२५

ऋतुजा,

मायन्यात काय लिहावे हे ठरवता न आल्याने नुसते नाव लिहिले आहे. त्यातून कोणताही अर्थ काढू नये.

पत्राचे कारण कार्यालयीन आहे. संग्रहातील एखाद्या वस्तूच्या स्थितीत मोठा बदल झाला की ती देणाऱ्याला लेखी कळवावे, असा आमच्या संग्रहालयाचा नियम आहे. त्यानुसार तुझे सासरे श्री. गेनबा यांच्या नावे काल पत्र रवाना झाले. परंतु नोंदणी विभागाची पत्रे ज्या भाषेत जातात ती भाषा मीच घडवलेली असल्याने, ते वाचून तुमच्या घरात काय समजले जाईल याची मला खात्री वाटेना. म्हणून जे घडले ते तुला सरळ सांगते. तू त्यांना सांगावेस.

तुमच्या वाडीची मळाई फुटली आहे.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबले, कारण ते खरे की खोटे हेच मला सांगता येत नाही.

सोमवारी माझी सहायक अपेक्षा (ती तू इथले काम सोडून गेल्यानंतर लागली) भांडारात नेहमीची तपासणी करायला गेली आणि परत येऊन दारातच उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, मळाई ओपन झालीये."

मी म्हटले, "देवी म्हणजे दुकान नव्हे. नीट सांग."

"म्हणजे अंड्यासारखी. आत दुसरीच आहे."

मी जाऊन पाहिले. तिचे वर्णन चुकीचे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदराचे लेप चढून मळाईवर जे जाड लाल कवच तयार झाले होते, ते माथ्यापासून बैठकीपर्यंत उभे उलले आहे. आमच्या भांडारात हवा कोरडी ठेवण्याचे यंत्र आहे. कागद आणि कापडासाठी ते हितकारक. शेंदराचा विचार कुणी केला नव्हता. कवचाचे दोन अर्धे भाग सुटे होऊन बाजूला पडले आहेत. चांदीचे मोठे डोळे त्या कवचावरच राहिले. मध्ये एक काळा, निमुळता, गुळगुळीत दगड उभा आहे. त्याला चेहरा आहे, पण असा झिजलेला की आहे असे म्हणावे तर दाखवता येत नाही.

हायवेच्या रुंदीकरणात मळाईचे जुने देऊळ गेले तेव्हा वाडीने लेखी ठराव करून ती संग्रहालयाला कायमची दिली. त्या कागदाविषयी कधीच वाद नव्हता, आजही नाही. तिला आणायला आपण दोघी गेलो होतो. तू टेप धरलीस, गेनबांच्या विक्रमने टेम्पो चालवला. त्या दिवसाचे उर्वरित परिणाम या पत्राच्या कक्षेत येत नाहीत.

आता प्रश्न असा. प्रत्येक वस्तूवर आम्ही तिचा नोंदणी क्रमांक घालतो: न दिसेल अशा जागी, पातळ वार्निशचा थर, त्यावर शाईने आकडे, त्यावर पुन्हा वार्निश. मळाईचा क्रमांक तिच्या तळाशी घातला होता. तळ खडबडीत आणि कठीण होता, म्हणून तो दगड आहे असे आम्ही धरून चाललो. तो दगड नव्हता. क्रमांक कवचावर आहे.

तुमच्या नव्या देवळाची प्रतिष्ठापना अक्षय्य तृतीयेला आहे हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी वाडीने मळाई परत मागितली आणि नोंदलेली वस्तू बाहेर जात नाही म्हणून विश्वस्त मंडळाने नकार दिला, हेही. त्या नकाराचा मसुदा माझा होता. आता संग्रहालयाजवळ दोन वस्तू आहेत आणि नोंद एकीचीच आहे. नोंद कोणाची, हे विभागप्रमुख या नात्याने मला ठरवायचे आहे. जिची नोंद नाही ती अडवून ठेवण्याचा मंडळाला अधिकार नाही.

आज तरी मला काहीही कळत नाही.


पुणे, ३ मार्च २०२५

ऋतुजा,

तुझे उत्तर आले नाही. अपेक्षितही नव्हते. तरी प्रगती कळवते, कारण अर्धवट कळवणे हे न कळवण्यापेक्षा वाईट.

आमचे सचिव आमोद यांना अडचणच दिसत नाही. ते म्हणाले, "मॅडम, तुमचाच नियम आहे ना? वस्तू फुटली की तुकड्यांना अ, आ, इ द्यायचं. दगड अ, कवच आ. दोन्ही आपले. विषय संपला."

नियम माझाच आहे. तो मी रांजण, पणत्या, तलवारीची मूठ आणि पाते यांच्यासाठी केला. पण मळाई फुटली असे म्हणायचे तर आतला दगड कुठेही फुटलेला नाही. आणि फुटली नाही म्हणायचे तर समोर टेबलावर लाल कवचाचे दोन तुकडे पडले आहेत. येथे येण्यापूर्वी अठ्ठावीस वर्षे मी वर्गात तर्कशास्त्र शिकवले. या दोन विधानांपैकी एक तरी खोटे असलेच पाहिजे, आणि मला दोन्ही खरी दिसतात.

दृष्टांत सापडला तर मार्ग निघेल म्हणून मी परवा कात्रजला गेले. सर्पोद्यानात वस्तू आपली कातडी नियमितपणे टाकत असते, तेव्हा तेथे नोंदीची पद्धत असणारच. तेथील गृहस्थांनी माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, तुम्ही खरंच एवढ्यासाठी आलात?"

मी म्हटले, "होय."

"नोंद सापाची असते. कात शाळेतली पोरं मागतात, त्यांना देऊन टाकतो."

म्हणजे दृष्टांत मिळाला, पण तो माझ्या प्रश्नाला भलत्याच दिशेने सोडवतो. नोंद आतल्या दगडाची ठरली, तर दगड कायमचा संग्रहालयाचा. वाडीने कवच तेवढे न्यावे. वाटेत बसमध्ये मी या निष्कर्षात दोष शोधत होते. दोष शोधण्याची घाई मला का झाली, हे स्वारगेटपर्यंत मला कळले नाही. नंतर मी तो विचार सोडून दिला.

तू घर सोडून गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, "आई, तुझ्याशी वाद घालून कुणी जिंकत नाही. म्हणून मी वाद न घालता जाते." लग्नाला का येणार नाही याची कारणे मी तुला क्रमवार लिहून पाठवली होती. त्या कारणांत आजही मला तार्किक चूक दिसत नाही. हे येथे का लिहिले, ते सांगता येत नाही. खोडले असते, पण मी शाईने लिहिते.


पुणे, २४ मार्च २०२५

ऋतुजा,

शनिवारी तुझ्या घरची माणसे येऊन गेली. श्री. गेनबा, तुझ्या सासूबाई शकूताई, आणि विक्रम. तू येशील की नाही याविषयी मी काही धरून चालले नव्हते. खुर्च्या चार मांडल्या होत्या; विभागात खुर्च्या चारच आहेत.

शकूताईंना मी प्रथमच पाहिले. त्या दारातूनच म्हणाल्या, "इहीणबाई, भेटायला तुमची देवी फुटावी लागली बगा." मी त्यांना बसा म्हटले. विक्रमने मला "मॅडम, नमस्कार" केला, तर त्याला म्हणाल्या, "सासूला म्याडम म्हनतोय. उद्या मला सरपंच म्हनशील."

आम्ही एका टेबलावर कवच आणि दुसऱ्यावर दगड ठेवला होता, दोन्ही पांढऱ्या कापडावर. हेतू असा की देणाऱ्यांनी आपली वस्तू ओळखावी. त्यांनी एकदा स्पष्ट सांगितले, की माझा प्रश्न सुटला.

गेनबांनी चपला बाहेर काढल्या, सरळ कवचापाशी गेले आणि चांदीच्या डोळ्यांकडे पाहत हात जोडून उभे राहिले. दगडाकडे त्यांनी बघितलेसुद्धा नाही. अपेक्षाने तो दाखवला तेव्हा म्हणाले, "ही कोन?"

"आतली मळाई, आजोबा."

"आमी जिच्याफुडं नवस बोललो ती ही, डोळ्यांची. हिला म्याच काय, माज्या आज्यानं बी बघितली नसंल."

मी विचारले, "म्हणजे हा दगड वाडीचा नाही, असे आपले म्हणणे आहे?"

"तसं कुटं म्हनलो?"

"मग आहे?"

"तसं बी न्हाय."

मी दोन्ही उत्तरे लिहून घेतली. शकूताई हसायला लागल्या. "लिवा, लिवा. आमच्या घरात बी त्यांचं असंच असतं." मग त्या उठून दगडापाशी गेल्या. त्यांनी त्याच्या माथ्यावर हात ठेवला. आमच्या नियमाप्रमाणे हातमोज्याशिवाय स्पर्श करता येत नाही. अपेक्षाने माझ्याकडे पाहिले; मी टिपणे लिहीत राहिले.

"ही तीच हाय," त्या म्हणाल्या. "पोर न्हाऊन आली, कुकू-पावडर गेली, म्हून आई इचारती का, ही कोनाची?"

मग त्यांनी मलाच विचारले, "तुमी काय म्हनता, इहीणबाई?"

मी म्हटले, विभाग अद्याप निष्कर्षाला आलेला नाही.

"तुमचा इभाग लई सावकाश हाय," त्या म्हणाल्या.

कवचाबद्दल रिवाज त्यांनी सांगितला. देवीने कवच टाकले की ते वाजतगाजत नेऊन नदीत सोडायचे आणि दगडाला नव्याने पहिला शेंदूर लावायचा. दोन्ही गोष्टी झाल्या म्हणजे देवी नवी झाली. पण हे सगळे त्यांनी त्यांच्या सासूकडून नुसते ऐकलेले. होताना कुणीच पाहिलेले नाही. गेनबांना तर कवच नदीत सोडायचे ही कल्पनाच सहन होत नव्हती. "माजी मळाई पान्यात घालता व्हय?" असे ते दोनदा म्हणाले. नवरा-बायकोत तेथेच जुंपली आणि विक्रमने वडिलांना चहाला बाहेर नेले.

शकूताई मात्र मागे राहिल्या. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, आणि ती तू मला कधीच सांगितली नसतीस. नव्या देवळाचे काम चालू असताना वाडीतल्या साऱ्या बायका भिंतींवर पाणी मारायला जात होत्या. तू गेलीस तेव्हा त्या बायका तुला म्हणाल्या, तू ऱ्हाऊ दे. "मागं तिला काय म्हनत्यात ठावं हाय का? देवी नेली तिची लेक. ती घरात बोलत न्हाय, पन मला कान हायेत. अक्षय्य तृतीयेला देवळात देवी न्हाय बसली, तर माज्या सुनेला त्या गावात कायमचं खाली मान घालून चालावं लागंल. कागद तुमचा खराच आसंल. पन चालायचं तिला हाय."

ही माहिती माझ्याकडे नव्हती. आता ती विचारात घ्यावी की वगळावी? वस्तूच्या नोंदीशी तिचा संबंध नाही, तेव्हा वगळावी, असे नियम सांगतो. शनिवारपासून मी ती वगळत आहे आणि ती परत परत येत आहे.


पुणे, ९ एप्रिल २०२५

ऋतुजा,

निर्णय दिला. तो पुढीलप्रमाणे.

नोंद ही पाहिलेल्याची असते. मळाई आली त्या दिवशी आम्ही जे पाहिले, मोजले, ज्याचे छायाचित्र घेतले आणि ज्यावर क्रमांक घातला ते कवच होते. उंची कवचाची, रंग कवचाचा, डोळे कवचाचे. म्हणून नोंद कवचाची. आतला दगड त्या दिवशी कुणी पाहिला नाही, म्हणून तो कधी नोंदला गेला नाही; म्हणून तो संग्रहालयाचा नाही, आणि वाडीने तो न्यावा.

यावर सर्वांत बळकट आक्षेप मीच काढला. नोंदीत 'शेंदूरलेपित पाषाण' असे शब्द आहेत. पाषाण हा शब्द आहे, तर पाषाण नोंदला गेलाच. त्याचे उत्तर असे की वजनावरून आत दगड असावा हे आम्ही अनुमानाने लिहिले. धूर पाहिला आणि अग्नी नोंदवला. अनुमानाला क्रमांक देता येत नाही.

आमोद म्हणाले, "आणि तो सर्पोद्यानवाला?"

मी म्हटले, "साप स्वतः चालत आला होता. त्याला कुणी कातीवरून ओळखून आणले नव्हते."

ते हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे लेकीसाठी करताय असं मंडळ म्हणेल."

"म्हणू दे. युक्तिवाद खोडून दाखवा म्हणावे."

मंडळाने तो खोडला नाही. त्याचे कारण युक्तिवादाचे बळ असावे असे मला मानावयाचे होते. प्रत्यक्षात एका विश्वस्तांनी दोन्ही टेबलांकडे पाहून म्हटले, काचेच्या कपाटात लाल चेहरा आणि चांदीचे डोळे शोभतील, काळ्या दगडात बघण्यासारखे आहे काय? आणि ठराव झाला. माझी मुदतवाढ होणार नाही हेही त्याच बैठकीत, पण वेगळ्या विषयाखाली ठरले. या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही असे इतिवृत्तात नमूद केले आहे. म्हणजे आहे.

त्याचे मला फारसे वाटत नाही. वाटते ते निराळे. विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट हमखास सांगत असे: निष्कर्ष आधी ठरवून कारणे मागून जमवू नका, असा युक्तिवाद निर्दोष असला तरी अप्रामाणिक असतो. माझा युक्तिवाद निर्दोष आहे. तो मी तीनदा तपासला. पण शकूताईंचा हात त्या दगडावर पडला त्याच्या आधी मी तो केला की नंतर, हे मला आता आठवत नाही. टिपणे काढून पाहता येईल. मी ती काढलेली नाहीत.

शिवाय हा निर्णय अर्धाच वाडीच्या बाजूचा आहे. नोंद कवचाची, म्हणून कवच येथेच राहणार. रिवाजाप्रमाणे ते नदीत जायला हवे होते, ते काचेत उभे राहील. हे मी फोनवर शकूताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. माहेरी लेकीचं एखादं लुगडं ऱ्हातंच की. आन् आमच्या म्हाताऱ्याला बरंच झालं. त्यांना आठवन आली की एष्टीत बसून येत्याल डोळं बघायला."

'माहेरी' हा शब्द त्यांनी संग्रहालयाला उद्देशून वापरला. तो योग्य की अयोग्य, याचा मी विचार करते आहे.


पुणे, २७ एप्रिल २०२५

ऋतुजा,

काल मळाई रवाना झाली. तुमच्याकडे सुखरूप पोचल्याचे विक्रमने कळवले. तरी येथे जे झाले ते तुला ऐकून कळेल त्यापेक्षा माझ्याकडून कळावे.

शकूताई आणि विक्रम टेम्पो घेऊन सकाळीच आले. शकूताईंच्या हातात पिशवी नव्हती हे मी पाहिले, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. ताबापत्रावर विक्रमने सही केली. अपेक्षाने दगड पेटीत ठेवायला घेतला, तोच त्या म्हणाल्या, "अशीच लावून देता व्हय?"

मी विचारले, "अशीच म्हणजे?"

"पोर माहेरातनं निघाली. वटी न्हाय भरायची?"

मी सांगितले की हे संग्रहालय आहे. तांदूळ, नारळ, हळद-कुंकू या आवारात आणता येत नाही, कीड लागते. हा नियम मी केला आणि एका शिपायाच्या डब्यातली पोळी मी स्वतः बाहेर नेऊन ठेवली आहे.

"मग बाहीर चला," त्या म्हणाल्या. "हिला बी घ्या आन् तुमी बी या. मी सासरची, मला भरता येत न्हाय. माहेरच्या बाईनं भरायची."

मी आमोदांकडे पाहिले. ते ताबापत्राची घडी घालत होते. मग मी अपेक्षाला तांदूळ, नारळ आणायला पाठवले आणि खण आणायला मी स्वतः लक्ष्मी रोडवर गेले, कारण त्या मुलीला खणातले काही कळत नाही. मलाही कळत नाही, हे दुकानात गेल्यावर लक्षात आले.

दुकानदाराने विचारले, "कुणासाठी?"

"देवीसाठी."

"मग आवडनिवड विचारत नाही," तो म्हणाला आणि हिरवे, काठाचे चार-पाच पुढे टाकले.

व्हरांड्यात विक्रमने टेबल आणून ठेवले. सही झाली होती, तेव्हा दगड संग्रहालयाचा नव्हता. व्हरांडा मात्र होता. या प्रश्नाचा निकाल मी लावला नाही. मी खण पसरला, त्यावर तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी ठेवली. किती ओंजळी घालायच्या ते मला आठवेना. शकूताईंनी "घाला की, मोजू नका" असे सांगितले, तेव्हा घातल्या. दगडाला मांडी नाही. ओटी त्याच्या पायथ्याशी ठेवावी लागली. कुंकू लावताना बोट नेमके कोठे टेकवावे हा प्रश्न आला, कारण कपाळ कोठे आहे ते दिसत नव्हते. मी अंदाजाने लावले. ते कपाळच होते, असे शकूताई म्हणतात.

टेम्पो सुरू होण्याआधी मी त्यांना विचारले, "ती का आली नाही?"

"म्या म्हनलं, चल. म्हनाली, मला कुटं कोन बोलवलंय?"

तुला मी या तीन महिन्यांत चार पत्रे लिहिली आणि त्यांपैकी एकातही ये असे लिहिलेले नाही. हे मी आत्ता आठवून पाहिले. ते खरे आहे.

आता एक गोष्ट उरते, आणि या पत्राचे खरे कारण तीच आहे. दुकानदाराने मला विचारले होते, "एकच देऊ?" देवी एकच होती. मी म्हणाले, "दोन."

पहिल्या खणाचे कारण वर दिले आहे. दुसऱ्याचे कारण मी कालपासून शोधते आहे. तुझ्या लग्नात जी ओटी भरायची ती राहिली म्हणून, असे एक कारण सुचते; पण राहिलेली गोष्ट एवढ्या वर्षांनी भरता येते की नाही, हे मला माहीत नाही. शकूताईंना विचारता आले असते. विचारले नाही. खण कागदाच्या पुडीत आहे तसाच माझ्या टेबलावर आहे. अपेक्षाने विचारले, "मॅडम, याला टॅग लावू?" मी तिला बाहेर घालवले.

बुधवारी प्रतिष्ठापना आहे. हडपसरहून पुढे कोणती बस वाडीच्या फाट्यावर थांबते ते मी विचारून ठेवले आहे. संग्रहालयातर्फे कुणी येण्याची गरज नाही. ताबापत्र पूर्ण झालेले आहे. मला कुणी बोलावलेलेही नाही. म्हणजे येण्यास एकही कारण शिल्लक नाही, आणि मी येत आहे.

देवळाच्या दारात बायका विचारतील, ही कोण. त्यांना काय सांगायचे ते मला ठरवता येणार नाही. तू सांग.